पायाला पेडल कळले पाहिजे



दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या मुलाने वडिलांसाठी नवे बूट आणले. वडील आमच्या शेवगावातील निवृत्त शिक्षक. वय एकाहत्तर, मधुमेह सोबतीला सतरा वर्षांपासून. बूट चांगले महागाचे, मऊ आणि बोटभर जाड तळाचे. 'ढगावर चालल्यासारखे वाटते,' असे गुरुजी कौतुकाने म्हणालेही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी अहिल्यानगरला न्यायचे होते. गुरुजींनी तेच बूट घातले आणि अंगणातून गाडी मागे घेऊ लागले. बाई फाटक धरून उभ्या होत्या. थांबण्यासाठी गुरुजींनी पाय दाबला, तर गाडी थांबण्याऐवजी उसळली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. बाई खांबाच्या पलीकडच्या अंगाला होत्या, एवढेच त्या दिवसाचे सुदैव.

'बूट नवे होते, सवय नव्हती,' असा निकाल घरच्यांनी तेथेच दिला. बूट कपाटात गेले, गुरुजी पुन्हा जुन्या चपलांवर आले आणि आठवड्याभराने गाडीही चालवू लागले. माझ्याकडे ते आले ते खांद्याच्या दुखण्यासाठी. फाटकाची हकीकत बोलता बोलता निघाली. तो निकाल अर्धाच खरा होता. उरलेला अर्धा समजून घ्यायचा, तर प्रथम पाय आणि पेडल यांचे नाते पाहावे लागेल.

गाडी चालवताना आपण पायांकडे पाहत नाही. डोळे रस्त्यावर असतात आणि उजवा पाय अंधारात काम करीत असतो. टाच जमिनीवर टेकवून चवडा ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर आणि परत ब्रेकवर फिरवणे, किती दाबले आहे याचा अंदाज घेणे, हे सारे तळपायाच्या त्वचेतील, घोट्याच्या सांध्यातील आणि पोटरीच्या स्नायूंतील संवेदनांच्या भरवशावर चालते. पाय कोठे आहे हे न पाहता कळण्याच्या या शक्तीला स्थितिज्ञान म्हणतात. वयाबरोबर ती मंदावते. मधुमेहात तर चेतातंतूंची झीज पायाच्या बोटांपासूनच सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. ती इतकी हळूहळू होते की ज्याचे पाय बधिर होत आहेत, त्यालाच ते शेवटी समजते.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. पाय ब्रेक शोधण्यात अर्धा सेकंद चुकला, तर आठ मीटर, म्हणजे दोन लहान गाड्यांच्या लांबीएवढे अंतर वाया जाते. करंजी घाटात वळणापलीकडून अचानक समोर येणारा ट्रक किंवा गळिताच्या हंगामात रात्री दिव्यांवाचून चाललेली उसाची ट्रॉली ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना आठ मीटर म्हणजे काय हे निराळे सांगायला नको.

या नात्याचा सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल, तर तो शर्यतीच्या चालकांनी. इटलीच्या सिसिली बेटावर डोंगरी रस्त्यांवरून टार्गा फ्लोरिओ नावाची मोटारशर्यत १९०६ पासून भरत असे. तेथील चेफालू या किनाऱ्यावरच्या गावात फ्रान्चेस्को लिबेर्तो नावाचे एक चर्मकार होते. १९६० च्या दशकात त्यांनी या शर्यतीच्या चालकांसाठी हाताने बूट शिवायला सुरुवात केली आणि त्या बुटांनीच त्यांचे नाव जगभर गेले. बूट कसे? हलक्या कातड्याचे, पातळ तळाचे, पायाला मोज्यासारखे बसणारे. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने वळणे घेणाऱ्या माणसाला बुटात आराम नको होता, पेडलची खबर हवी होती.

आजही ट्रॅकवर उतरणाऱ्या चालकाचा बूट त्याच तत्त्वावर बनतो. तळ पातळ, पण पेडलची कड टोचू नये इतपत ताठ. टाचेची मागची कड गोलाई दिलेली, म्हणजे टाचेवर पाय फिरवताना अडत नाही. बूट अरुंद, तळ वरच्या भागाबाहेर न पसरलेला; घोट्यापर्यंत उंच, तरीही घोटा मोकळा वाकणारा. आग लागल्यास पाय भाजू नये म्हणून आतून ज्वालारोधक अस्तर आणि आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या प्रमाणाची खूण. ही शेवटची गोष्ट तुम्हा-आम्हाला लागत नाही, आणि नातवाने हौसेने सुचवले तरी खरे शर्यतीचे बूट घेण्यात पैसा घालवू नये. ते चालण्यासाठी केलेलेच नसतात. ओल्या फरशीवर घसरतात आणि डांबरी रस्त्यावर लवकर झिजतात. घ्यायचे ते त्यांचे तत्त्व.

हे तत्त्व वयस्कांना तरुणांहून अधिक लागू पडते, असे माझे मत आहे. पंचविशीतल्या चालकाच्या पायाची संवेदना तल्लख असते. जाड तळातूनही त्याला पेडल जाणवते. सत्तरीतल्या पायाकडे मुळात खबर कमी पोहोचते, आणि वर आपण त्याला गादी बांधतो. कॅनडातील संशोधकांनी १९९२ मध्ये वयस्क पुरुषांना वेगवेगळ्या तळांचे बूट घालून अरुंद तुळईवरून चालायला लावले होते. मऊ, जाड तळाच्या बुटांत तोल अधिक गेला. पातळ, टणक तळाच्या बुटांत तो सर्वांत चांगला राहिला. तो प्रयोग चालण्याचा होता, गाडी चालवण्याचा नव्हे. पण मऊपणा म्हणजे सुरक्षितता ही आपली समजूत त्याने हलवली, आणि पेडलवरच्या पायाला तोच न्याय लावणे मला रास्त वाटते.

आता दुकानात जाऊ. जायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजून थोडे मोठे होतात. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या घोट्यांना तर ठळक सूज येते. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळच्या परतीच्या प्रवासात आवळतो. पूर्वी सात नंबर लागे म्हणून आताही सातच मागू नये. वयाबरोबर तळपायाची कमान बसते, पाऊल लांब-रुंद होते. उभे राहून दोन्ही पावले मोजून घ्यावीत आणि मोठ्या पावलाला येईल तो बूट घ्यावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण टाच मागे घट्ट बसलेली हवी. टाच आत वरखाली होत असेल तर तो बूट पेडलसाठी निरुपयोगी.

तळ पारखण्याची एक सोपी रीत आहे. बूट घालून चवडा दुकानाच्या उंबरठ्याच्या पट्टीवर किंवा पायरीच्या कडेवर अलगद ठेवा आणि डोळे मिटा. जवळच्या माणसाचा हात मात्र धरून ठेवा. कड नेमकी बोटांखाली आहे की चवड्याच्या मध्यावर, हे सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही, तर बूट कितीही सुखद असो, तो फिरायला जाण्यासाठी ठेवा. मग बूट उलटा करून तळाची रुंदी पाहा. हल्लीच्या कित्येक खेळाच्या बुटांचा तळ दोन्ही बाजूंनी होडीसारखा बाहेर पसरलेला असतो. लहान गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यात फारसे अंतर नसते. पसरलेल्या तळाची कड दोन्हींवर एकदम पडू शकते. तळ रबराचा असावा, कातडी तळ पावसाळ्यात पेडलवरून सटकतो. पण खोल खाचांचा तळही नको. आमच्या भागातील काळ्या रानाचा चिखल त्या खाचांत बसला की निघता निघत नाही, आणि तोच मग ब्रेकवर साबणासारखा होतो. शेतावरून परत निघताना तळ काठीने खरवडून, फडक्याने पुसून मगच गाडीत बसावे.

नाडीचे बूट पायाला उत्तम बसतात, पण संधिवाताने बोटे वाकलेल्या माणसाला ती नाडी रोज बांधणे शिक्षा होते. मग ती सैल सोडली जाते आणि लोंबणारे टोक पेडलभोवती अडकते. अशांसाठी वेल्क्रोच्या पट्ट्या बऱ्या. मोजे पातळ सुती असावेत. थंडीत लोकरीचे जाड मोजे घालून गाडी चालवणे म्हणजे पायाला आणखी एक गादी बांधणे होय.

चपलेचा प्रश्न आपल्याकडे अटळ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, मोटार वाहन कायद्यातील दंड वाढल्यानंतर, चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड होतो अशी आवई उठली होती. तेव्हा कायद्यात तशी तरतूद नसल्याचे केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच स्पष्ट केले. दंड नाही, म्हणून धोका नाही असे मात्र नव्हे. गंमत अशी, की कोल्हापुरी वहाणेचा तळ सपाट आणि टणक, म्हणजे ट्रॅकच्या बुटाच्या तत्त्वाला बराचसा जवळचा! २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वहाणेचा दोष तळात नाही, मागच्या मोकळेपणात आहे. पाय उचलला की वहाण टाचेपासून सुटून खाली लोंबते, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेककडे जाताना तिची कड ब्रेकच्या पेडलखाली शिरू शकते. वहाण पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळलेली राहतात ती गोष्ट वेगळीच. रबरी सपातांचे तर नावच नको. बूट मुळीच न सोसणाऱ्यांनी टाचेमागे पट्टा असलेली, सपाट तळाची सँडल वापरावी. गावातल्या चर्मकाराकडून जुन्या, पायाला रुळलेल्या वहाणेलाही असा मागचा पट्टा लावून घेता येतो. दुचाकीवाल्यांनाही हेच सांगणे. त्यांना पाय टेकवून गाडीचा तोल धरायचा असतो, आणि खडीवर टेकलेली सपाता पायाखालून निघून गेली की गाडी अंगावर येते.

काहीजण चपला काढून अनवाणी पायांनीच गाडी चालवतात. पेडल त्यांना उत्तम कळते, हे खरे. पण जोराने ब्रेक दाबण्याची वेळ आल्यावर उघड्या पावलाला तेवढा दाब देता येत नाही, आणि अपघात झालाच तर तापलेल्या डांबरावर, काचांत उतरावे लागते. मधुमेह असलेल्याने तर अनवाणी राहूच नये. याहून मोठा धोका त्या काढलेल्या चपलांचा आहे. त्या सीटपुढेच पडून राहतात, घसरत घसरत ब्रेकच्या पेडलखाली जातात, आणि मग ब्रेक दाबला तरी खाली जात नाही. पाण्याची बाटली हेच करते. पायाखालची मॅटसुद्धा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑगस्ट २००९ मध्ये दुसऱ्याच मॉडेलसाठी बनवलेली मॅट गाडीत टाकलेली असल्याने अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकून राहिला आणि गाडीतील चौघे प्राणास मुकले. आपल्याकडे मूळ मॅटवर बाजारातील रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यात जुने पोते, असा थर चढवण्याची रीत आहे. काळजीवाहकांनो, आजच खाली वाकून पाहा.

यातून व्यवहार्य मार्ग निघतो तो दोन जोडांचा. चालण्याचा जोड वेगळा, पेडलचा वेगळा. इटलीत १९६३ पासून खास गाडी चालवण्यासाठी मोकासिन बनू लागले. तळाला रबराच्या छोट्या गुंड्या, त्या टाचेवरही वर चढलेल्या. पाश्चात्त्य देशांत ते पुढे फॅशन झाले, पण मूळ कल्पना एवढीच. आपण पातळ तळाचा एक साधा बंदिस्त बूट गाडीतच ठेवावा. दार उघडून सीटवर आडवे बसावे, पाय बाहेर टेकवावेत, शांतपणे बूट बदलावेत आणि चालण्याचे बूट मागच्या सीटखाली टाकावेत, स्वतःच्या पायाशी नव्हे. उभ्याने एका पायावर तोल सांभाळीत बूट बदलणे तुमच्या वयाचे नव्हे.

येथे एक गाठ आहे, आणि ती मला टाळता येत नाही. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना आम्ही डॉक्टर मंडळी स्वतःहून मऊ एमसीआर रबराच्या चपला किंवा बूट वापरायला सांगतो. ते बरोबरच आहे. टणक तळाने त्यांच्या पायाला नकळत जखम होते आणि ती चिघळते. मग गाडीसाठी पातळ तळ कसा सांगायचा? ज्यांची संवेदना शाबूत आहे त्यांनी बूट बदलावेत, हे ठीक. ज्यांची गेली आहे, त्यांच्या बाबतीत प्रश्न बुटाचा उरतच नाही. पातळ तळ पायापर्यंत खबर आणतो. पुढे ती मेंदूकडे नेणारी तारच झिजली असेल, तर तळ कागदाएवढा पातळ केला तरी उपयोग नाही.

ती तार कशी आहे, हे पाहण्याची एक घरगुती चाचणी आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील रुग्णालयात ती विकसित झाली, म्हणून तिला इप्सविच स्पर्शचाचणी म्हणतात. मोजे काढून आजोबांना किंवा आजींना पलंगावर आडवे करा. 'स्पर्श जाणवला की डावा की उजवा ते सांगा,' असे सांगून डोळे मिटायला लावा. आपल्या तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. प्रथम उजवा अंगठा, मग उजवी करंगळी. नंतर डावा अंगठा, डावी करंगळी. शेवटी उजव्या आणि डाव्या पायाचे मधले बोट. प्रत्येक ठिकाणी एकदाच. चुकले म्हणून मायेने पुन्हा करू नका, नाहीतर चाचणी फसते. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. ही चाचणी पायाला जखम होण्याचा धोका ओळखण्यासाठी आहे, गाडी चालवण्याची परवानगी देण्या-नाकारण्यासाठी नव्हे. पण दोन स्पर्श चुकलेला माणूस स्टिअरिंगमागे बसत असेल, तर त्याविषयी डॉक्टरांशी त्याच भेटीत बोलले पाहिजे. परवान्याच्या कागदांवर विसंबू नये. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत होतो आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. पण पाच वर्षांत पायाचे पुष्कळ काही होऊन जाते.

गुरुजींचे तीन स्पर्श चुकले. चुकले हे त्यांना पटेना. 'तुम्ही हात लावलाच नाही,' असे ते म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मान खाली घातली. म्हणजे नव्या बुटांनी काही नवे केले नव्हते. जुन्या पातळ चपलांत जे कसेबसे निभावत होते, ते त्या जाड तळाने उघडे पाडले. चपलांवर परत येऊन घरच्यांनी फक्त ती खूण पुसून टाकली होती.

आपला पाय ब्रेकवरच होता, ही अशा माणसाची खात्री खोटेपणाची नसते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाची गाडी भरधाव सुटून रस्ता ओलांडणाऱ्या आई आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीवर गेली. दोघी मरण पावल्या. गाडीत बिघाड होता, असे चालक न्यायालयातही सांगत राहिला. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. पायाने खोटी खबर दिली आणि मनाने ती खरी मानली.

गाडी सोडणे शेवगावसारख्या गावात काय असते, हे मी जाणतो. डोळ्यांचा डॉक्टर, हृदयाचा डॉक्टर, सीटी स्कॅन, सारे अहिल्यानगरला, साठ-पासष्ट किलोमीटरवर. एसटी आहे, पण गुडघे दुखणाऱ्या बाईंना तिची पायरी चढवत नाही. मुले पुण्या-मुंबईला. गाडी असेपर्यंत गुरुजी कोणाचे मिंधे नव्हते. म्हणून काळजीवाहकांना माझे सांगणे आहे की किल्ली लपवू नका. आधी पर्याय उभा करा आणि मग बोला. महिन्यातील तपासण्यांच्या तारखा एकत्र आणून त्या दिवसांसाठी ओळखीचा चालक ठरवा, आणि त्याचे पैसे आजोबांच्याच हातून द्या. गुरुजींच्या घरी महिनाभर अबोला होता. शेवटी त्यांचाच एक जुना विद्यार्थी, जो भाड्याची गाडी चालवतो, महिन्यातून दोनदा यायला कबूल झाला. गुरुजी आता त्याच्या शेजारी बसतात. करंजी घाटात त्यांचा उजवा पाय अजून ब्रेक दाबतो, असे बाई सांगतात. ते जाड तळाचे बूट मात्र कपाटातून बाहेर आले. पायात नवे काय घातले आहे हे मी तपासले, तेव्हा आतला सुकतळ मऊ आणि वरचा भाग बोटांना न घासणारा निघाला. फिरण्यासाठी ते मी चालू ठेवले. फक्त ओल्या फरशीवर जपून, आणि रोज घालण्याआधी आत हात घालून खडा वगैरे नाही ना हे पाहून.

तुमच्यापैकी जे अजून स्वतः गाडी चालवतात, त्यांनी पुढच्या तपासणीला येताना औषधांच्या पिशवीत पेडलवर वापरायची पादत्राणेही घालून आणावीत. उजव्या बुटाची टाच मागून एका बाजूला अधिक झिजलेली असते, ती टाचेवर पाय फिरवल्याची खूण. डावा-उजवा तळ सारखाच झिजलेला दिसला, तर तुम्ही टाच न टेकवता अख्खा पाय उचलून पेडल बदलता का, हे मला विचारावे लागेल.